डावा पाय

आमच्या घरात पायांचा विषय निघाला की तो बाबांच्या पायांचा असायचा. कराडला कापडाच्या दुकानात काउंटरमागे तीस वर्षं उभे. पोटऱ्यांवर निळ्या, वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा. व्हेरिकोज व्हेन्स. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत 'ही कृष्णा, ही कोयना' म्हणायचो. आपण तर खुर्चीवाली माणसं, आपल्याला कशाला होतंय हे!

तर झालं असं, गेल्या महिन्यात रिलीज होता. घरूनच काम. रोज चौदा तास बसून, जेवणही टेबलावरच. (पाणी कमी प्यायचो, कारण मग उठावं लागतं. हसू नका, तुम्हीही करता.) पाचव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. म्हटलं, गोळा आला असेल. संध्याकाळपर्यंत पाय सुजून टम्म आणि गरम. उजवा मात्र ठणठणीत! आई तेल कोमट करून चोळायला बसली, तेवढ्यात बाबा ओरडले, "हात लावू नकोस गं! एकच पाय सुजलाय." त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना कधीतरी बजावून ठेवलं होतं.

डॉपलर केली. डीव्हीटी, म्हणजे खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटली तर हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते... तेलाचं सांगितल्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं आईकडे बघितलं.

मग वाचत बसलो (दर तासाला उठून!). पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू, चालताना शिरा पिळून. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा. फाब्रिसियसने १६०३ साली त्यांवर पुस्तक लिहिलं, पण त्या नक्की कशासाठी ते कळलं त्याच्या विद्यार्थ्याला, विल्यम हार्वीला. त्याचं पुस्तक १६२८चं. बाबांच्या झडपा गळायला लागल्या होत्या. माझ्या शाबूत होत्या, मी पंपच बंद करून बसलो होतो.

आता निदान तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. नाव चुकीचंच आहे म्हणा. त्या गुठळी वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीरच करतं. दाढी करताना कापलं की मात्र रक्त लवकर थांबत नाही.

संध्याकाळी सहाला बाबा चपला घालून दारात उभे राहतात. कॉल चालू असला तरी. मग आम्ही दोघं प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो, दोघांच्याही पायात ते घट्ट मोजे. दोन जोड्या एकदम घेतल्या म्हणून दुकानदाराने दहा टक्के सूट दिली. :)