मोड

नगरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या, माळीवाडा स्थानकावर एस.टी. धरली, तेव्हा आमचे चिरंजीव पुण्यात कचेरीत आहेत अशी माझी समजूत होती. त्यांनी मला नेले ते बिअर-पिझ्झ्याच्या दुकानात! ही गर्दी! काचेमागे पोलादी टाक्या चमकत होत्या.

"बाबा, हे माझं काम. कचेरी सोडली."

देशातल्या अशा सुरुवातीच्या छोट्या भट्ट्यांपैकी एक, डूलॅली, २००९ साली पुण्यातच निघाली, हेही त्याने सांगितले. जणू स्थळाचे कूळ सांगावे! मग कृती : सातूला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात गोडी उतरवायची, कडवटपणाला हॉप्सची फुले घालून उकळायचे, निववून यीस्ट घालायचे.

"मग दोन-तीन आठवडे नुसतं थांबायचं. तेच कठीण."

माझे व्याख्यान ओठांवर आले होते. पण आई आठवली. मटकीला मोड येईपर्यंत ती फडक्याला कुणाला हात लावू देत नसे.

मी लिंबूसरबत मागवले. पिझ्झा दोघांत एक खाल्ला.

घरी हिला काय सांगावे, हे मात्र नगर आले तरी सुचले नव्हते.