टोपीला पडलेलं भोक

आमच्या खासबागेतल्या घरात माग होते तेव्हापासूनचं एक पिस्तूल आहे, पॉइंट थ्री टू बोअरचं. आजोबा सुताचे व्यापारी. निपाणीवरून इचलकरंजीला रोकड घेऊन जावं लागे, म्हणून परवाना काढलेला. पुढे तो बाबांच्या नावावर झाला. निवडणूक लागली की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. आम्हा मुलांना त्याचं दर्शन तेवढंच.

बाबांनी ते बऱ्याच वर्षांनी रेंजवर चालवलं. आठांपैकी दोन काडतुसं उडालीच नाहीत. उडालेल्यांपैकी तीन पुंगळ्यांच्या टोपीला बारीक भोक होतं. "गोळ्याच खराब हाईत की," बाबा म्हणाले.

ते निम्मंच खरं निघालं. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने भिंगातून पुंगळ्या पाहिल्या. फायरिंग पिनच्या ठोक्याने टोपीवर गुळगुळीत, गोल खळगा पडायला हवा. दारूचा दाब जास्त असता तर टोपी चपटी झाली असती. इथे कडा गोलच होत्या. त्याने खडकीच्या कारखान्याची नवी काडतुसं वापरून पाहिली. त्यांनाही भोक! म्हणजे दोष पिस्तुलात.

पिनचं टोक गंजाने खरबरीत झालं होतं. जुन्या काही काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचा क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढतो. बेळगावच्या पावसाळ्यात मग काय सांगावं! अशी पिन टोपी फोडते, भोकातून तापलेला वायू मागे येतो आणि पिनचं टोक आणखी खातो. पुढची टोपी म्हणूनच आणखी सहज फुटते. तो वायू डोळ्यापर्यंतही येऊ शकतो. हे ऐकल्यावर आईने चष्म्याशिवाय रेंजवर पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं.

न उडालेल्या दोघांचं कारण मात्र वेगळं. ती वर्षानुवर्षं तेल लावलेल्या मॅगझिनमध्ये पडून होती. तेल टोपीत झिरपलं की ठिणगीच पडत नाही. (चाप ओढून नुसता 'टक्' आवाज आला, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधी कधी बार उशिरा होतो.)

पिन बदलली, स्प्रिंगही बदलली. नव्या पुंगळ्यांवर खळगे अगदी गोल पडलेत. बाबांनी एक जुनी आणि एक नवी पुंगळी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मला म्हणाले, "बघ, ओळख बघू." पुढे परवाना माझ्या नावावर करायचा की पिस्तूल जमा करून टाकायचं, यावर आमचं अजून ठरत नाही.