दोन ते चारची वीणा

सप्ताहातली वीणा स्वभावानं हट्टी असते. सात दिवस ती खाली बसत नाही. पहिल्या दिवशी गावातला एखादा जुना माळकरी तिला बुक्का लावतो, झेंडूचा हार घालतो आणि गळ्यात अडकवून उभा राहतो. तिथून पुढे काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती या गळ्यातून त्या गळ्यात फिरत राहते. तिला जमिनीला टेकवायचं नाही, भिंतीशी उभं करायचं नाही, एका क्षणापुरतंही कुणाच्या खांद्यावाचून ठेवायचं नाही. बाकी वर्षभर मात्र ही बाई देवळाच्या मागच्या खोलीत, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि काळ्या पडलेल्या काहिलींच्या शेजारी, जुन्या लुगड्याच्या खोळीत खुंटीला लटकलेली असते. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तिचीही त्याबद्दल तक्रार नसते.

गाण्याच्या मैफलीत तिला कुणी बोलावणार नाही. राग तिला येत नाहीत, ताना येत नाहीत. पोटाशी भोपळा, खांद्यावरून वर डोकावणारी दांडी, चार खुंट्या, आणि छेडलं की एकच सूर. सरस्वतीच्या मांडीवरच्या वीणेशी ती ओळख सांगत नाही. नारदाशी मात्र सांगते, कारण तोही कुठे बसत नाही. अशा वीणा बहुधा मिरजेच्या. सतार आणि तंबोरे घडवण्याची तिथली परंपरा दीड शतकाहून जुनी आणि ती सांभाळणारी बरीचशी घराणी मुसलमान कारागिरांची. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात. आता गंमत बघा. ही वीणा ज्या पिंपरी पेंढारची, त्या पट्ट्यातली कुकडी पुढे घोड नदीला मिळते, घोड भीमेला आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे इथून गेलेलं पाणी भोपळ्याच्या रूपानं पुन्हा इथल्याच माणसाच्या पोटाशी येऊन टेकतं, असं म्हणायला वाव आहे. मला हा हिशोब आवडतो. वीणेला विचाराल तर ती एकच सूर लावील.

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातलं गाव. नगर-कल्याण रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं आणि या पट्ट्यात ऊस आला. उसापाठोपाठ बिबट्या आला. इथले लोक त्याला सरळ वाघ म्हणतात. त्याला आडोसा हवा, पाणी हवं आणि कुत्री-शेळ्या हव्यात. उसात हे सगळं एका जागी मिळतं, त्यामुळे त्याच्या कित्येक पिढ्या डोंगर न बघता उसातच जन्मल्या. ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात आणि वनखात्याची माणसं ती रात्री आईजवळ पोचवण्याची खटपट करतात. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. मे 2024 मध्ये जवळच्या काळवाडीत एक लहान मुलगा गेला, त्यानंतर दोनच दिवसांत पिंपरी पेंढारमध्ये एक बाई, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा एक. त्यांची नावं इथे लिहीत नाही. गावाला ती पाठ आहेत.

तेव्हा या गावात रात्री जागं असणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. शेतीची लाईट पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की माणूस हातात बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो. घरातली बाई तो परत येईपर्यंत पडवीत बसून असते. मोटर चालू आहे ना, ऐकत राहते. मोटरचा आवाज थांबला तरी जीव घाबरा आणि चालू राहिला तरी घाबरा. ज्यांच्या दारात वाघ आलेला नाही त्यांनाही झोप नाहीच. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, काही शेतकऱ्यांच्या हातात वीस वर्षांत आला नव्हता एवढा पैसा दोन महिन्यांत आला. ते बघून मागाहून लागवड केलेल्यांचा माल बाजारात पोचेपर्यंत भाव कोसळला. कांद्याची गोष्ट निराळी नाही. मुलाचं लग्न जमत नाही, कारण मुलगा शेती करतो. एवढं सगळं डोक्यात घेऊन माणूस पाठ टेकतो, आणि दोन वाजता खाडकन डोळे उघडतात.

वीणेची खरी वेळ तीच. दोन ते चार.

सप्ताहात दिवसाच्या पहाऱ्याला माणसं कमी पडत नाहीत. काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथ्याचं भजन, हरिपाठ, कीर्तन, सगळीकडे गर्दी असते आणि गर्दीत वीणा मिरवते. कीर्तनात तर विणेकऱ्याला बुवांच्या जवळची जागा; नातवंडं मोबाईलवर फोटो काढतात. रात्री अकरानंतर मंडप ओसरतो. जागर करणारे टाळकरी तासाभरात एकेक करून खांबाला टेकतात. मग हरिनाम म्हणणारे दोन-तीन उरतात आणि त्यांच्यातला एक उभा. फळ्यावर लिहिलेल्या यादीत दोन ते चारच्या पुढे ज्यांची नावं असतात ती माणसं वर्षानुवर्षं साधारण त्याच जातकुळीची. ज्यांना एरवीही त्या वेळी झोप नसते, अशी.

वीणा त्यांना बोटांवरून ओळखते. ज्याचं कर्ज थकलंय तो तार ओढतो, छेडत नाही. ज्याचं मन भरकटलंय त्याच्या दोन छेडींत अंतर पडत जातं. ज्याच्या घरी आजारपण आहे तो दांडी अशी घट्ट धरतो की तारेचा आवाज बसतो. नवख्या माणसाला कुणीतरी म्हातारं हळूच सांगतं, ‘‘सैल धर रं, ती पळून न्हाई जात.’’ सूर निघायला हात मोकळा लागतो. तिचं म्हणणं एवढंच असतं की, उभा राहा, नाव घेत राहा आणि मला सोडू नकोस. मन इथे आहे की टोमॅटोच्या क्रेटमध्ये, याची चौकशी ती करत नाही.

ही सवलत मोठी आहे. देवाधर्माच्या बाबतीत बहुतेक उपदेशक आधी मन शांत करून या म्हणतात, म्हणजे दवाखान्यानं आधी बरे होऊन या म्हणण्यातला प्रकार. तुकोबांनी स्वतःचा जो वृत्तांत अभंगात सांगितला आहे तो वेगळा आहे. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेला व्यापार, भुकेनं गेलेली पहिली बायको, माणसांत उरलेली लाज. त्यानंतर त्यांनी पडकं देऊळ नीट करायला घेतलं आणि एकादशीचं कीर्तन सुरू केलं. ते स्वतःच कबूल करतात की, सुरुवातीला चित्त काही अभ्यासात नव्हतं. मग संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. आधी उभं राहणं, मागून ओळ धरणं आणि मन जमेल तसं नंतर. घाबऱ्या माणसाला करता येईल असा याहून सोपा आरंभ माझ्या तरी वाचनात नाही.

आणि या कथेचा एक धागा इथूनच जातो. तुकोबांना स्वप्नात उपदेश झाला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. उपदेश करणारे बाबाजी चैतन्य आणि त्यांची समाधी परंपरेनं ओतूरला मानतात, म्हणजे याच रस्त्यावर, शेजारी. त्या स्वप्नातही घाई आहे. गुरूंनी जेवणाला पावशेर तूप मागितलं, शिष्य विसरला आणि गुरू त्वरेनं निघून गेले. आपलं काय चुकलं ही रुखरुख त्या अभंगात शिल्लक आहे. हातात राहिला तो मंत्र, रामकृष्णहरी. रात्री दोन वाजता पिंपरी पेंढारच्या मंडपात विणेकरी जे म्हणत असतो तेच ते शब्द. रुखरुखीसकट मिळालेले.

डेन्मार्कच्या कीर्केगार्दनं 1844 साली चिंतेवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. नीट चिंता करायला जो शिकला तो सर्वांत मोठी गोष्ट शिकला, असा त्यातल्या एका प्रकरणाचा रोख आहे. माणूस भला, पण एकटा. आपली चिंता त्यानं शेवटपर्यंत स्वतःच्याच खांद्यावर वागवली. कोपनहेगनमध्ये सप्ताह नव्हता याला कोण काय करणार!

कारण वीणेचा मोठा गुण तिला धरण्यात नाही, देण्यात आहे. चार वाजायला पाच मिनिटं असताना पुढचा विणेकरी तोंडावर पाणी मारून येतो. वाकून पायाला हात लावतो. वीणा गळ्यात असलेलाही जमेल तेवढा वाकून त्याच्या पायाला हात लावतो. वयाचा हिशोब तेव्हा कुणी करत नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं विशीतल्या पोराच्या पायाला हात लावलेला इथे सगळ्यांनी पाहिलाय. सूर न तोडता पट्टा या मानेवरून त्या मानेवर जातो. ‘‘रामकृष्णहरी, माउली.’’ झालं. आता तो वीणेचा आणि तू मोकळा.

चिंतेनं पोखरलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नसतं. मी जागा राहिलो नाही तर मोटर जळेल, भाव पडेल, पोरगा परत येणार नाही. सगळं जग माझ्या जागण्यावर तोललेलं आहे, असा त्याचा ग्रह असतो. त्याच्या रात्रीला यादी नसते आणि चारही वाजत नाहीत. वीणा त्याला दोन तास खरोखरच अशी एक गोष्ट सोपवते जी त्याच्या जागण्यावर अवलंबून आहे, आणि मग ती त्याच्याकडून काढून घेते. पहिल्या वर्षी काही जण देऊनही तिथेच घुटमळतात, दुसऱ्याची छेड ऐकत, कुठे चुकतोय का ते बघत. मग एखाद्या वर्षी असा माणूस वीणा देतो, सतरंजीवर आडवा होतो आणि काकड्याच्या टाळांनीही उठत नाही. याला आध्यात्मिक उन्नती म्हणायचं का, हे बुवांना विचारा. त्याच्या बायकोला विचाराल तर ती म्हणेल, बऱ्याच दिवसांनी घोरले.

वीणेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. तिच्या सुरानं वाघ उसातून उठून जात नाही. नामस्मरण करा म्हणजे भीती जाईल, असं शहरातून येऊन सांगणाऱ्यांनी एकदा रात्री दारं धरून दाखवावीत. शेतीला दिवसा थ्री फेज हवी, पिंजरे वेळेवर हवेत, वस्त्यांवर दिवे हवेत. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतली 233 गावं बिबट्यामुळे संभाव्य आपत्तिप्रवण म्हणून जाहीर झाली ती उगाच नव्हेत. वीणेनं असल्या मागण्यांच्या आड कधी येऊ नये आणि ती येतही नाही. पहाऱ्याच्या यादीतलीच माणसं सकाळी रास्तारोकोला बसतात. दारं धरायला आता एकट्यानं जायचं नाही, आळीपाळीनं दोघं-तिघं मिळून जायचं, ही शिस्तही अशा गावांना नवी नाही. सात दिवस अखंड काही चालू ठेवायचं तर माणसं कशी लावायची, हे त्यांना आधीपासून येतं.

तरीही रात्रीच्या पहाऱ्याचा प्रश्न उभा राहतोच. पूर्वी मळ्यातला माणूस घोंगडी घेऊन दीड वाजता घरून निघायचा आणि ओढ्यातून चालत देवळात यायचा. आता ते कुणी करत नाही आणि करूही देत नाही. सप्ताहाच्या आधीच्या बैठकीत तरुण मंडळी म्हणतात, अकरा ते चार पहारा बंद ठेवू, स्पीकरला पेनड्राईव्ह लावू, नाम अखंड राहील. सूचना अगदीच टाकाऊ नाही. मंडपाला आग लागली तरी पेनड्राईव्ह रामकृष्णहरी म्हणत राहील. यावर एक म्हातारा एवढंच म्हणतो, ‘‘त्याला झोप येत न्हाई. मग पहारा कसला?’’ बैठक गप्प होते आणि मग पुन्हा एकदम बोलायला लागते.

शेवटी तोडगा निघतो तो असा. रात्रीच्या विणेकऱ्यांनी कीर्तनालाच यायचं, घरी परतायचं नाही, सभामंडपात झोपायचं आणि उजाडल्यावर निघायचं. दांडीला तडा गेलाय, तो सुताराकडून बसवून घ्यायचा. तारा नव्या आणायच्या, पैसे वर्गणीतून. दोन ते चारसाठी पूर्वी कुणाच्या हातापाया पडावं लागे, आता तीन नावं जास्तीची आलीत. फळ्यावर जागा नाही म्हणून कुणीतरी खडूनं समासात लिहितो. त्यातलं एक नाव खोडून चार ते सहाला न्यावं, तर त्या माणसाची ना. सहा वाजता त्याचं दूध डेअरीला घालायचं असतं. राहता राहिला रात्री दीडच्या चहाचा विषय. तो कुणाच्या घरून यायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.