पुसलेलं चित्र नको

सीबीसीटीमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनमध्ये, दातातल्या धातूभोवती पांढऱ्या रेघा आणि काळे पट्टे दिसले की पूर्वी माझं डोकं फिरायचं. बदलापूरहून पेशंटने लोकल पकडून उल्हासनगरचं स्कॅन सेंटर गाठायचं, पैसे मोजायचे, आणि हाती काय, तर विस्कटलेलं चित्र! त्यामुळे या रेघा पुसणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ‘एमएआर’, आलं तेव्हा मी चिठ्ठीवर न चुकता लिहू लागलो: रेघा काढून पाठवा. आता बरोबर उलटं लिहितो: आधी मूळ चित्र पाठवा, पुसलेलं नंतर बघू.

रेघा का येतात, हे कॉलेजात शिकलो होतोच. क्ष-किरणांच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. धातू त्यातले दुबळे गिळतो, जोरकस तेवढे पार जातात. कॉम्प्युटरला हा फरक नीट कळत नाही. वाटेत अडथळाच कमी होता असं समजून तो धातूच्या बाजूला काळा पट्टा काढतो. धातूचा अणुक्रमांक जितका मोठा, तितका गोंधळ जास्त. टायटॅनियमचा 22, झिर्कोनियमचा 40. म्हणून झिर्कोनियाची पांढरीशुभ्र कॅप इम्प्लांटच्या टायटॅनियम स्क्रूपेक्षा जास्त छळते. पेशंट मात्र ठासून सांगतो, “धातू नाहीये डॉक्टर, सिरॅमिक आहे!”

माझं मत फिरलं ते अंबरनाथच्या एका काकांमुळे. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, खालची दाढ, जुनं रूट कॅनाल, आत आधाराला धातूची काडी, म्हणजे पोस्ट. चावलं की कळ. पुसलेल्या चित्रात मूळ गुळगुळीत, कुठे काही नाही. दुखणं मात्र हटेना, म्हणून मूळ चित्र मागवलं. त्यात पट्टे होतेच, पण एक रेघ वेगळी होती. पट्टे धातूपासून सरळ निघतात. ही खाली जाताना किंचित वळत होती आणि पोस्ट संपल्यावरही सुरू होती. गालाकडच्या बाजूला हाडही मुळाच्या लांबीने खाल्लेलं. हिरडीच्या कडेने प्रोब फिरवला तर आजूबाजूला सगळीकडे उथळ, एकाच जागी खोल गेला. मूळ उभं चिरलं होतं.

“म्हणजे मशीनने तडाच पॉलिश करून टाकला की!” काका म्हणाले. आयुष्य लेथवर गेलेल्या माणसाला हे पटकन कळलं.

सॉफ्टवेअर खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. ते अंदाजाने जागा भरतं, आणि बारीक तडा त्या अंदाजात बुजू शकतो. रूट कॅनाल झालेल्या दातांतला तडा शोधताना एमएआर लावल्यावर अचूकता घटल्याचं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तो मी वाचलाही होता, पण स्वच्छ चित्राचा मोह सुटत नव्हता. पेशंटला स्क्रीनवर दाखवायला ते बरं पडतं, हेही खरंच.

इम्प्लांटसाठी हाड मोजायचं असेल तर रेघा पुसायला माझी आजही हरकत नाही. तड्याचा संशय असेल तर मात्र सेंटरला फोन करून सांगतो: जबड्यांमध्ये कापसाचा रोल ठेवा, म्हणजे वरच्या कॅपच्या रेघा खालच्या दातांवर येणार नाहीत. कवळी काढा, नाकातली चमकीसुद्धा. मावशी कुरकुरतील, पण काढा. हनुवटी टेकवून डोकं नीट बांधा, गिळू नका म्हणावं. हलल्यामुळे जबड्याची कड दुहेरी आली, तर ती कुठल्याच बटणाने नीट होत नाही.