सागवान आणि सूर

शुक्रवार. सूरमध्ये आता रुळलोय म्हणायचं. ओमानचं हे जुनं बंदर दुपारी एकनंतर शटर ओढून झोपतं, चारला उठतं. माझंही तसंच झालंय. केरळी दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापतो. खाऱ्या हवेनं डब्यातल्या तिखटाचे मात्र गोळे होतात. आई फोनवर जेवणाचं विचारते. रोज समुद्राचे मासे म्हटलं की गप्प होते. पैनगंगेच्या मरळीपलीकडे तिची मजल नाही.

संध्याकाळी गलबतांच्या कारखान्याकडे गेलो. १९५१ साली इथंच बांधलेलं 'फतह अल-खैर' आता जमिनीवर उभं आहे. विकलं गेलेलं ते जहाज १९९३ मध्ये येमेनमधून परत आणलं. ह्या गलबतांना साग लागायचा तो मलबारचा. त्याआधीच्या काळात तर फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीनं शिवत. किनवटच्या सागाच्या रानात वाढून मला साग म्हणजे दाराची चौकट नाहीतर लग्नातला पलंग, एवढंच ठाऊक! रंध्याखालचा भुसा चिमटीत घेऊन हुंगला. वास तोच. सुतारानं हिंदीत विचारलं, "घर बांधताय का?" म्हटलं, आधी इथलं घरभाडं तर सुटू दे.