त्यागाचा हिशेब

क्रिकेटच्या इतिहासात स्टड घराण्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. या घराण्यातील जॉर्ज, चार्ल्स व किनॅस्टन या तीन सख्ख्या भावांनी 1882, 1883 आणि 1884 अशी लागोपाठ तीन वर्षे केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. तिघेही हौशी खेळाडू. खेळ हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारमधील तिरहुत प्रांतात निळीच्या मळ्यांतून अमाप संपत्ती मिळवून इंग्लंडात वैभव उभे केले होते. त्या निळीमागे आपल्याच देशातील रयतेचे कष्ट होते, हेही विसरता येत नाही.

चार्ल्सचा जन्म 1860 सालचा. तिघांत तोच सर्वांत गुणी. 1882 मध्ये ओव्हलवरील ज्या सामन्यातून ‘अॅशेस’ची परंपरा जन्मास आली, त्यात तो इंग्लंडकडून खेळला. दुसऱ्या डावात दहाव्या क्रमांकावर तो मैदानात उतरला खरा; परंतु एकही चेंडू खेळावयास मिळण्यापूर्वी समोरचा गडी बाद झाला आणि इंग्लंड सात धावांनी हरले. त्याच हिवाळ्यात गेलेली प्रतिष्ठा परत मिळविण्यासाठी ऑस्ट्रेलियास निघालेल्या संघात चार्ल्स व जॉर्ज हे दोघेही बंधू होते.

पुढे जॉर्ज अत्यवस्थ झाला. भावाच्या उशाशी बसलेल्या चार्ल्सला कीर्ती आणि धन यांचा फोलपणा उमगला. 1885 मध्ये ऐन उमेदीत खेळ सोडून तो ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी चीनला गेला. तेथेच त्याला वडिलांच्या संपत्तीतील वाटा मिळाला. ती रक्कम सुमारे 29,000 पौंडांची होती. त्यातील बहुतेक रक्कम त्याने अनाथांसाठी, लंडनच्या गरिबांसाठी व धर्मकार्यासाठी वाटून टाकली. उरलेले 3,400 पौंड त्याने विवाहापूर्वी भावी पत्नी प्रिसिला हिच्या हाती दिले. तिने तेही ठेवून घेतले नाहीत. संसाराचा आरंभ दोघांनी रिकाम्या हातांनी केला.

त्याचा मार्ग आपल्याहून निराळा. त्याच्या धर्ममताशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. तरीही तीर्थंकरांच्या वर्षीदानाची कथा ऐकत वाढलेल्या मनाला या दानाची ओळख पटते. तिजोरीला कुलूप घालणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच ते उघडणे किती अवघड असते हे कळते.

मात्र त्यागाच्या वहीत नावेची बाजूही असते. भारतात उटी येथे काही वर्षे काढल्यानंतर चार्ल्स 1913 मध्ये आफ्रिकेतील काँगोत गेला. हृदयविकाराने खंगलेली प्रिसिला इंग्लंडातच राहून त्याच्या कार्याची व्यवस्था पाहू लागली. 1916 नंतर तो मायदेशी परतला नाही. 1928 मध्ये ती जेमतेम दोन आठवडे त्याला भेटून आली आणि पुढच्याच वर्षी निवर्तली. उतारवयात त्याच्या कठोर स्वभावामुळे अनेक सहकारीही दुरावले. धन सोडणे त्याला साधले. आग्रह सोडणे साधले नाही. कषायांचा परिग्रह धनाच्या परिग्रहाहून चिवट असतो, तो असा. 1931 मध्ये काँगोतील इबांबी या गावी त्याने देह ठेवला.

थोरला भाऊ किनॅस्टन याने संसार व व्यवहार सोडला नाही. लंडनमधील पॉलिटेक्निक संस्थेच्या द्वारे सामान्य तरुणांच्या शिक्षणासाठी त्याने आयुष्य वेचले. 1928 मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

एकाच घरातील या दोन वाटा पाहिल्या की महाव्रत आणि अणुव्रत यांची आठवण होते. आपल्या शास्त्राने श्रावकाला सर्वस्व सोडण्यास सांगितले नाही; परिग्रहाचे परिमाण ठरविण्यास सांगितले. दरवर्षी पेढीचा ताळेबंद मांडताना ‘किती मिळाले’ याबरोबर ‘किती पुरे’ हा एक आकडाही आपण लिहून ठेवला, तर त्या व्रताचे पालन घरबसल्या सुरू होईल.