मनोगत : स्कूलबसच्या ड्रायव्हर काकांचे

मी तुमच्या मुलांच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर बोलतोय. नावाचं काय घेऊन बसलात, मुलांना 'काका' पुरतं. चौदा वर्षं झाली, आंबेगाव-नऱ्ह्याच्या सोसायट्यांतून मुलं घेतो आणि वारज्याच्या बाजूला शाळेत सोडतो. अंतर काही फार नाही. तरी आठवड्यातून दोन-तीनदा गाडी उशिरा पोचते. मग तुमच्या ग्रुपवर मेसेज पडतात आणि डायरीत लाल शाईने 'उशिरा आला' असं लिहून येतं. तो उशीर कुठे होतो, ते तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही पुण्याचे असाल तर नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार तुम्हाला ठाऊक असेल. मुंबई-बंगळूरु महामार्ग इथे डोंगरातून थेट वस्तीत उतरतो. साताऱ्याकडून येणारे भरलेले ट्रक, एसटी, मोटारी उताराच्या जोराने खाली येतात. त्याच रस्त्यावर आपली माणसं दूध आणायला, कामाला, शाळेला निघतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड गाडीमुळे जो अपघात झाला, त्यात एका फटक्यात ४८ च्या आसपास गाड्यांचं नुकसान झालं होतं. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. मी तिथून रोज जातो, गाडीत चाळीस मुलं घेऊन.

महामार्गाच्या कडेने सर्व्हिस रोड आहे, पण तो सलग नाही. मध्येच संपतो. तो संपला की मला महामार्गावर शिरावं लागतं आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा डावीकडे उतरावं लागतं. आता हे शिरणं कसं असतं, ते बघा. नीट बांधलेल्या रस्त्यावर बाजूचा रस्ता मोठ्या रस्त्याला हळूहळू, तिरका येऊन मिळतो. काही अंतर दोन्ही रस्ते शेजारी-शेजारी धावतात, तेवढ्यात गाडीला वेग घेता येतो आणि आरशात मागचं दिसतं. माझ्या वाटेवरचा सर्व्हिस रोड मात्र जवळजवळ काटकोनात येऊन धडकतो. बस तिथे आडवी उभी राहते. उजव्या आरशात मला महामार्ग दिसतच नाही, मागची इमारत आणि तिच्यावरची क्लासची जाहिरात दिसते. मग मान बाहेर काढून बघायचं. थोडी जागा आहे ती रिक्षा आणि वडापावच्या गाडीने अडवलेली. (वडापाववाल्याला मी दोष देत नाही, त्यालाही पोट आहे.)

गणिताच्या सरांनी हे उदाहरण वर्गात घालावं. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. भरलेल्या बसला थांबलेल्या जागेवरून निघून नीट वेग घ्यायला दहा सेकंद तरी लागतात. म्हणजे मला जी मोकळी जागा हवी, ती जवळजवळ १७० मीटरची! सकाळी पावणेनऊला ती कोण देणार? आणि ही मुलांची बस आहे, तिला वेग-नियंत्रक बसवलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबून पुढे घुसायची सोय नाही, आणि नसलेलीच बरी.

माझे डोळे उजवीकडे अडकलेले असतात, तेव्हा धोका डावीकडून येतो. बस आडवी थांबली की तिच्या आणि कठड्याच्या मध्ये दोन हातांची फट राहते. तिथून दुचाक्या घुसतात. पालकहो, रागावू नका, पण त्यातल्या कितीतरी दुचाक्यांवर पुढे दप्तर घेऊन मूल उभं असतं. मी बस डावीकडे वळवली की मागची चाकं डाव्या बाजूला आत कापत येतात, हे दुचाकीवाल्याला कळत नाही. म्हणून आमच्या मावशी डाव्या खिडकीशी उभ्या राहतात आणि "काका, थांबा!" किंवा "चला!" असं ओरडतात. त्यांच्याशिवाय मी ती बस एक इंचही हलवत नाही.

लोक म्हणतात, आपल्याकडे शिस्तच नाही. मला हे पूर्ण पटत नाही. प्रार्थना संपल्यावर जिन्यापाशी दोन रांगांची एक रांग करताना तुम्ही शिक्षक काय करता? एक मूल या रांगेतलं, एक त्या रांगेतलं. ढकलाढकली होत नाही, कारण रांगा कुठे मिळणार ते मुलांना आधीपासून दिसत असतं. जर्मनीत तर गाड्यांसाठी हाच नियम कायद्यात लिहिलेला आहे. लेन संपते तिथपर्यंत यायचं आणि आळीपाळीने एकेकाने शिरायचं. आमच्या तोंडाशी पांढरी पट्टी नाही, बाण नाही, लेन संपतेय असं सांगणारी पाटी नाही. मग ज्याची हिंमत मोठी, तो पुढे.

मध्यंतरी कसल्याशा कामासाठी तिथे आठ दिवस प्लास्टिकचे नारिंगी कोन लावले होते. महामार्गाची डावी लेन थोडी आधीच बंद झाली आणि आम्हाला शिरायला आपोआप एक गल्ली मिळाली. तेच ट्रकवाले, तेच रिक्षावाले, तेच दुचाकीवाले, आणि आठही दिवस माझी बस वेळेत! नवव्या दिवशी कोन उचलले. दहाव्या दिवशी डायरीत लाल शाई.

आणखी एक गोष्ट. २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, की चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका. लेकरांच्या झोपेसाठी चांगलंच झालं. पण आता माझी बस नेमकी ऑफिसच्या गर्दीत त्या तोंडाशी येते. पूर्वी सातच्या आत मी तिथून निघून गेलेला असायचो. मोठ्या माणसांच्या घाईत आता लहान मुलं अडकतात.

सोमवारपासून पहिला थांबा पावणेआठऐवजी साडेसातला घेतोय. त्या थांब्यावर पहिलीतली एक मुलगी चढते, सीटवर टेकली की पेंगते. तिच्या आईने विचारलं, "काका, एवढ्या लवकर कशाला?" मी वर लिहिलं तेच सगळं त्यांना सांगितलं. कोन, पट्टी आणि पाटी कायमची लावावी, एवढाच दोन पानी अर्ज आम्ही ड्रायव्हर लोकांनी केला आहे. त्यांनी तिथेच, बसच्या पायरीवर कागद ठेवून सही केली. अर्ज मावशींकडे आहे. सकाळी मुलाला सोडायला याल तेव्हा पेन घेऊन या, आमच्याकडचं लिहीत नाही.